सात महिने अक्षरी भूगोल, केळीवरच्या भांडणासकट

दिवाळीच्या सुट्टीत मुलांसाठी जगाच्या भूगोलाच्या प्रश्नपत्त्यांची पेटी मागवली होती. आता जूनचा पहिला पाऊसही पडून गेला. पेटीत पाच गठ्ठे आहेत, दोन अक्षरीपासून सहा अक्षरीपर्यंत. एका बाजूला प्रश्न, पाठीमागे उत्तर. गठ्ठा कोणता ते दिसतंच, त्यामुळे उत्तर किती अक्षरांचं हे आधीच ठाऊक असतं. बस, एवढाच खेळ. आठवड्यात माळ्यावर जाईल असं मला वाटलं होतं.

गेली नाही ती इक्वेडोरमुळे. थंडीत शेतावर भरीत पार्टी होती, मुलाने पेटी सोबत घेतली. चार अक्षरी गठ्ठ्यातला प्रश्न निघाला: जगात सगळ्यात जास्त केळी निर्यात करणारा देश कोणता? आता हा प्रश्न चोपडा तालुक्यात विचारायचा! माझे सासरे, आप्पा, आयुष्यभर केळीच लावत आले. भाजलेलं वांगं सोलता सोलता म्हणाले, "भारत! जगमा आपलाच नंबर पहिला शे, तुले काय माहीत!" पोराने बोटं मोजली. "आप्पा, भा-र-त. तीनच होतात." आप्पा ऐकेनात. खरं तर तेही चुकले नव्हते. केळी पिकवण्यात भारत पहिलाच आहे, पण आपली बहुतेक केळी इथेच खपतात. बाहेर पाठवण्यात इक्वेडोर पुढे. मग जेवण होईपर्यंत एकच विषय: तिथे पाणी कसं, घड केवढा, पानांवर करपा रोग येत नाही का? करपा तिथेही येतो, हे मोबाईलवर पाहून सांगितलं तेव्हा त्यांना जरा बरं वाटलं.

नुसता प्रश्न असता तर उत्पादन आणि निर्यात यातला फरक कुणी लक्षात ठेवला नसता. एक अक्षर कमी पडलं म्हणून तो राहिला. बोलिव्हियाचंही तसंच. राजधानी विचारली की मुलगी सुक्रे म्हणते, आणि राज्यघटनेप्रमाणे ते बरोबर आहे. पण गठ्ठा तीन अक्षरी, म्हणजे ला पाझ, जिथून सरकार चालतं.

आता तक्रारी. अक्षरं मोजायची कशी, हे पेटीत कुठेच छापलेलं नाही. मराठीत हा खेळ करायचा आणि जोडाक्षराचा नियम सांगायचा नाही, म्हणजे भांडणाला आमंत्रण. मुलगा टाळ्या वाजवून मोजतो, त्याच्या 'फ्रान्स'ला तीन टाळ्या पडतात. मुलगी सेमी इंग्लिशची, ती सुरुवातीला मनातल्या मनात इंग्रजी स्पेलिंग मोजायची आणि चाडला चार अक्षरी म्हणायची. शेवटी सासूबाईंनी निकाल दिला: जोडाक्षर एकच, कानामात्रा मोजायची नाही. त्यावर बरेच दिवस निभावलं. मग 'बांगलादेश' आला. पाठ्यपुस्तकातला बांगलादेश पाच अक्षरी, पत्त्यावरचा बांग्लादेश चार. इथे सासूबाईही गप्प.

दुसरी चूक जास्त गंभीर. म्यानमारची राजधानी म्हणून यांगून छापलंय. राजधानी तिथून २००५-०६ मध्येच हलवली, आता ती नेपिडॉ. दोन्ही नावं तीन अक्षरी, त्यामुळे मोजूनही चूक सापडत नाही. ती मुलीला नकाशात दिसली. बुरुंडीचं बुजुंबुराही जुनंच. तिथे निदान नवीन राजधानी गितेगा तीन अक्षरी आहे, चारच्या गठ्ठ्यात बसतच नाही. विक्रेत्याला फोटो पाठवले होते, उत्तर नाही.

तरी नकाशाची सवय लागली ती याच चुकांमुळे. व्हिएतनामची राजधानी हनोई आली तेव्हा मुलीने पट्टी ठेवून रेघ मारली, तर जळगाव आणि हनोई जवळजवळ एकाच रेघेवर, २१ अंश उत्तर. मग लेकीचा प्रश्न की हनोईलाही मे महिन्यात भुसावळसारखं ४५ अंश होतं का? नाही होत, समुद्र जवळ आहे. लोडशेडिंगमध्ये घामाघूम बसून हे समजावताना माझाच जीव जळत होता. लेसोथोही असाच डोक्यात बसला. सगळाच्या सगळा देश समुद्रसपाटीपासून १००० मीटरच्या वर असलेला जगातला हा एकटाच. त्याची सगळ्यात सखल जागा साधारण १४०० मीटरवर, म्हणजे आपल्या तोरणमाळपेक्षाही उंच.

पेटीचा दर्जा बेताचाच. कोपरे मेमध्येच वाकले, वरचा प्लास्टिकचा थर सुटायला लागलाय, आणि भरिताच्या तेलाचा डाग अजून इक्वेडोरवर आहे (तो दोष कंपनीचा नाही). सहा अक्षरी गठ्ठा आम्ही फारसा उघडत नाही. अफगाणिस्तान वगैरे लांब नावं, पण प्रश्न सोपे. दोन अक्षरींचा सगळ्यात अवघड, कारण लिमा, पेरू, चिली, क्विटो, ओस्लो, माली ही सगळी नावं जिभेवर एकदम गर्दी करतात.

दुसरी-तिसरीतल्या मुलांसाठी घेऊ नका, पाचवीपासून पुढे चालेल. शेजारी नकाशाचं पुस्तक ठेवूनच खेळा. म्यानमारचा पत्ता आम्ही पेनाने दुरुस्त केलाय. बांगलादेशचा पत्ता बाजूला काढून आप्पांच्या चष्म्याच्या घरात ठेवलाय, त्यावर अजून निकाल व्हायचा आहे.