आयनॅचरलिस्ट : पोरीच्या मोबाईलमध्ये राहू दिलेलं ॲप

फुकट आहे, जाहिराती नाहीत आणि नाचगाणं तर अजिबात नाही. तरी आमची दहावीतली पोर रिल्स सोडून यावर बसते, म्हणून मीही खातं उघडलं. चोपड्यात माझं ठिबकचं दुकान आहे. पावसाळ्यात गिऱ्हाईक कमीच.

झाड, किडा, पक्षी, जे दिसेल त्याचा फोटो टाकायचा, सोबत जागा आणि तारीख. नाव ॲपही सुचवतं, पण खरी गंमत पुढे आहे. कुठले कुठले अनोळखी लोक येऊन ते नाव बरोबर की चूक ते सांगतात. दोन तृतीयांशाहून जास्त जणांचं एकमत झालं की नोंदीला ‘रिसर्च ग्रेड’ मिळते. पोरं त्या ग्रेडसाठी झुरतात.

पोरीने बांधावरच्या रुईपाशी एक तांबूस फुलपाखरू टिपलं आणि ‘प्लेन टायगर’ लिहून मोकळी झाली. रुई म्हटल्यावर दुसरं काय असणार? त्याच्या अळ्या रुईची पानं खातात, त्यातलं विष अंगात साठवतात, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. पण कुणीतरी खाली लिहिलं : मागच्या पंखाच्या मधोमध तीन-चार काळे ठिपके दिसतात का बघ. नव्हते. ती निघाली डॅनेड एगफ्लायची मादी. हिला विष नसतं, नुसतं विषारी फुलपाखराचं सोंग घेऊन फिरते. नर तर काळा, मोठ्या पांढऱ्या ठिपक्यांचा. शेजारी बसवले तर नवरा-बायको वाटणार नाहीत.

पोरगी आधी चिडली. मग रुईपाशी येणाऱ्या प्रत्येकाचे पंख तपासत बसली. संध्याकाळी मला विचारते, “पप्पा, मग नर का नाही सोंग घेत?” मला कुठून येणार उत्तर! तिने ते तिथेच विचारलं, इंग्रजीत, डिक्शनरी मांडीवर घेऊन. शिकवणीच्या सरांना तिने आजवर एक शंका विचारलेली नाही.

आता तक्रार. मी हौसेने बागेतल्या केळीचा घड टाकला. लावलेली झाडं इथे ‘कॅज्युअल’ खात्यात जातात, म्हणजे रिसर्च ग्रेड मिळतच नाही. जळगावची केळी आणि कॅज्युअल! रावेरवाल्यांना सांगू नका. त्याच पानावरचा किडा मात्र चालतो.

आईबापांनी एक गोष्ट बघायचीच. अंगणातला फोटो टाकला की घराची जागा नकाशावर सगळ्यांना दिसते. धोक्यातल्या जातींची जागा ॲप आपणहून धूसर करतं, आणि ते बरंच आहे. आपला रानपिंगळाच घ्या : १८८४ नंतर कुणाच्या हाती न लागलेला हा पक्षी १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला. त्याच्या ढोलीचा पत्ता उघडा पडला तर कॅमेरेवाल्यांची जत्रा भरेल. आपली पोर काही रानपिंगळा नाही, तिचं घर आपल्यालाच लपवावं लागतं. नोंद करताना जागेसाठी ‘ऑब्स्क्युअर्ड’ (म्हणजे धूसर) निवडा. १३ वर्षांखालच्यांना याच संस्थेचं ‘सीक’ हे ॲप द्या. त्यात खातंच लागत नाही.

चर्चा बहुतेक इंग्रजीत चालते, तेवढं सोसावं लागतं. पाचपैकी चार तारे. एक केळीचा कापला.