सफरचंदाचा केक घरी करायचाय, पण कुठला? रशियन, जर्मन की डच

हे तिन्ही केक त्यांच्या त्यांच्या देशात घरोघरी होतात आणि तिन्ही चांगलेच लागतात, पण खरा फरक चवीपेक्षा सफरचंदाला जे पाणी सुटतं त्याचं काय करायचं यात आहे, आणि तेवढं कळलं की निवडणं सोपं जातं.

रशियन शारलोत्का सगळ्यात झटपट. ४ अंडी, १ कप साखर, १ कप मैदा, आणि ३-४ आंबट सफरचंदांच्या पातळ फोडी (तिकडे अंतोनोव्का नावाचं सफरचंद घेतात). पिठात बटर नाहीच, फक्त टिनला लावायला. त्यामुळे केक फुगतो तो मुख्यतः अंड्यातल्या हवेवर, म्हणून अंडी आणि साखर इतकी फेटायची की बीटर उचलल्यावर पडलेली धार दोन-तीन सेकंद वर तशीच दिसली पाहिजे, आणि मैदा मात्र चमच्याने हलक्या हाताने मिसळायचा, तिथे परत बीटर लावलात की संपलं. १८० डिग्रीला ३५-४० मिनिटं. गरम असताना वरचा पापुद्रा इतका छान कुरकुरीत असतो, पण पाणी सगळं आतच राहतं, म्हणून दुसऱ्या दिवशी तो ओलसर होतो. पाहुणे येणारेत आणि लगेच संपणार असेल तरच हा करा. आणि इलेक्ट्रिक बीटर नसेल तर नकोच, हात भरून येतात.

जर्मन आपफेलकूखनचे प्रकार ढीगभर आहेत, मी म्हणतेय तो सफरचंद पिठात बुडवून केलेला. १२५ ग्रॅम बटर, १२५ ग्रॅम साखर, ३ अंडी, २०० ग्रॅम मैदा, २ चमचे बेकिंग पावडर, थोडं दूध, २६ सेंमीचा टिन. यात सफरचंद कापायची पद्धत फार सुंदर आहे, साल काढून चार भाग करायचे, मधला बियांचा भाग काढायचा आणि फुगीर बाजूवर जवळजवळ चिरा द्यायच्या पण खालपर्यंत कापायचं नाही, भरल्या वांग्याला जसं देठाशी जोडलेलं ठेवतो तसं. चिरा वर ठेवून पिठावर मांडायचे, केक भाजताना पीठ त्यांच्या भोवतीनं वर येतं, चिरा उघडतात, फोड आतपर्यंत शिजते आणि बरंचसं पाणी वरच्या वर उडून जातं. १८० ला ४०-४५ मिनिटं. पहिल्यांदाच करत असाल तर डोळे झाकून हा करा, बेकिंग पावडर आहे त्यामुळे फेटणं थोडं कमी-जास्त झालं तरी चालतं, आणि दोन दिवस मस्त टिकतो.

डच आपलतार्त म्हणजे निवांत रविवारचं काम. ३०० ग्रॅम मैदा, २०० ग्रॅम बटर, १५० ग्रॅम ब्राऊन शुगर आणि एक अंडं याचं घट्ट पीठ, ते टिनच्या तळाला आणि कडेनं थापायचं, आत किलोभर सफरचंद, दालचिनी, बेदाणे, लिंबू, वर पट्ट्यांची जाळी. पाण्यासाठी तळाला ब्रेडक्रम्ब्स किंवा रवा पसरतात, तो रस पिऊन घेतो, ही पायरी अजिबात गाळू नका. १७५ ला तासभर तरी लागतो, आणि नंतर टिनमधेच पूर्ण गार होऊ द्यायचा, गरम कापला की फोडी घसरून बाहेर येतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पीठ हातात विरघळायला लागतं, मधेमधे फ्रिजमधे ठेवा.

अंडं चालत नसेल तर प्रश्नच मिटला, डचच. त्यातलं अंडं फक्त पीठ बांधायला असतं, त्याऐवजी दोन-तीन चमचे गार दूध घाला. शारलोत्का अंड्याशिवाय होतच नाही.

सफरचंदाचं म्हणाल तर युरोपात राहणाऱ्यांनी बोस्कोप शोधा, आंबट असतं आणि भाजल्यावर चव उतरत नाही. इकडे आपली काश्मीर-सिमल्याची लाल सफरचंदं गोड, त्यामुळे साखर चमचा-दोन चमचे कमी करून लिंबू पिळा, किंवा निम्मी हिरवी ग्रॅनी स्मिथ घ्या, महाग पडतात पण शारलोत्कामधे तर त्यांच्याशिवाय मजा नाही.