वेम्बलीच्या फायनलची दोन तिकिटं आणि माझे ८८० पाउंड

१ जून २०२४ ला लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या फुटबॉल स्पर्धेची, फायनल झाली. रेआल माद्रिद विरुद्ध बोरुसिया डॉर्टमुंड. त्या मॅचच्या दोन तिकिटांपायी माझे ८८० पाउंड गेले, म्हणजे नव्वद हजार रुपयांच्या वर. मॅच तर बघायला मिळाली नाहीच. फसलो कसा ते बारकाईनं सांगतो, कारण ती विकणारा माणूस माझ्याशी खोटं फार थोडं बोलला. बाकीचं मीच पुरवलं.

मी मूळचा कोल्हापूरचा, आता वेम्बली पार्कला राहतो. आमच्याकडे फुटबॉलचं वेड हे सांगून कळण्यातलं नाही. शाहू स्टेडियमवर तालमींची (आमच्याकडे फुटबॉलचे संघ तालमींचे) मॅच असली की घरात दोन गट पडायचे. मी शिवाजी तरुण मंडळाचा, चुलतभाऊ पाटाकडीलचा. तो मे महिन्याच्या शेवटी कंपनीच्या कामानं दोन आठवडे लंडनला आला. खिडकीतून स्टेडियमची कमान दिसली आणि म्हणाला, "दादा, वेम्बली उशाला आणि मॅच टीव्हीवर बघायची व्हय?"

तिकिटांची सोडत कधीच होऊन गेली होती. चाहत्यांसाठीच्या ६७ हजार तिकिटांपैकी २५-२५ हजार दोन्ही क्लबांना आणि फक्त १७ हजार जगभरच्या सामान्य लोकांसाठी. दर ६० पाउंडांपासून ६१० पर्यंत. मी अर्ज केला होता, नंबर लागला नव्हता. मग इंग्लंडमधल्या मराठी लोकांच्या एका फेसबुक ग्रुपवर टाकलं, 'कोणाकडे दोन तिकिटं जास्तीची आहेत का?' (इंग्लंडमध्ये परवानगीशिवाय फुटबॉलचं तिकीट विकणं हा १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे. हे मला माहीत होतं. आपल्या माणसांतला व्यवहार, त्याला कोण विचारतंय, असं मनाशी म्हटलं.)

तासाभरात मेसेज आला. मराठी आडनाव, फोटोत गणपतीच्या आरतीची गर्दी, खातं दहा-बारा वर्षांचं जुनं. १५० पाउंडवाली दोन तिकिटं आहेत, ३५० ला एक देतो म्हणाला. दर बघा कसा लावला होता. शंभरला देतो म्हणाला असता तर मला संशय आला असता, हजार म्हणाला असता तर मी नाद सोडला असता.

मी मराठीत लिहीत होतो, तो इंग्रजीत उत्तरं देत होता. इथंच वाढलेला असेल, वाचता येतं पण लिहिता येत नसेल, असं मीच ठरवून टाकलं. 'तुम्ही सातारकडचे का?' असं मी विचारलं, तो 'हो' म्हणाला. 'मुलाची परीक्षा आहे म्हणून जमत नाही का?' हेही मीच विचारलं, त्यालाही 'हो'. त्याच्या अडचणीची कारणंसुद्धा मीच त्याच्या तोंडात घातली.

पैसे पाठवताना बँकेच्या ॲपनं लाल पट्टी दाखवली, खातेदाराचं नाव जुळत नाही. तो म्हणाला, बायकोचं खातं आहे. ॲपनं पुढं विचारलं की पैसे कशासाठी. 'खरेदी' निवडलं की दहा प्रश्न येतात, म्हणून मी 'मित्र किंवा नातेवाईक' दाबलं. या एका बोटाची किंमत पुढं कळली.

दुसऱ्या दिवशी नाव बदलण्याचा चार्ज म्हणून आणखी १८० मागितले. असा काही चार्ज नसतोच. पण ७०० अडकलेले असताना १८० साठी कोण भांडणार? दिले.

आता खरी मेख. युएफाची, म्हणजे ही स्पर्धा भरवणाऱ्या संघटनेची, तिकिटं मोबाईलच्या ॲपमध्ये येतात आणि प्रवेशाचा क्यूआर कोड स्टेडियमजवळ गेल्यावर, ब्लूटूथ चालू असेल तरच उमटतो. हे अगदी खरं आहे. 'माझ्या ॲपमध्ये काहीच का दिसत नाही?' असं मी विचारल्यावर त्यानं हेच सांगितलं आणि युएफाचं पान पाठवलं. मी वाचलं, खात्री पटली. पण उशिरा येतो तो क्यूआर. तिकीट तुमच्या नावावर झालं असेल तर मॅच आणि सीट नंबर आधीच ॲपमध्ये दिसायला पाहिजेत. दुसऱ्याच्या मोबाईलवरचा व्हिडिओ किंवा स्क्रीनशॉट म्हणजे तिकीट नव्हे. त्यानं मला व्हिडिओच पाठवला होता.

शनिवारी संध्याकाळी 'ऑलिंपिक वे' या स्टेडियमकडे जाणाऱ्या रस्त्यावर डॉर्टमुंडवाल्यांच्या पिवळ्या शर्टांचा पूर आला होता. पहिल्याच चौकीवर मी ब्लूटूथ चालू केलं. ॲप रिकामं. शंभर पावलं पुढं, शंभर पावलं मागं, फोन बंद करून पुन्हा चालू. भाऊ शेजारी गप्प उभा. तिथल्या स्टुअर्डनं (बंदोबस्ताच्या माणसानं) माझ्या फोनकडे नीट बघितलंही नाही. नुसतं विचारलं, "कुठं घेतलंत?" दिवसभरात हा प्रश्न त्यानं किती जणांना विचारला असेल कोण जाणे.

घरी आलो, खिडकी उघडी ठेवून मोबाईलवर मॅच लावली. ऑनलाइन चित्र मागं असतं. ७४ व्या मिनिटाला बाहेरून गर्जना आली तेव्हा आमच्या फोनवर रेआलचा क्रोस अजून कॉर्नर घ्यायला चालला होता. कार्वाहालचा हेडरचा गोल त्यानंतर दिसला. ८३ व्या मिनिटाला विनिसियसच्या गोलच्या वेळी आम्ही फोनकडे बघितलंच नाही. भाऊ म्हणाला, "आवाज तर फुकट मिळाला की."

रविवारी बँकेला फोन केला, ॲक्शन फ्रॉडकडे (फसवणुकीच्या तक्रारी घेणारी तेव्हाची सरकारी सेवा) तक्रार नोंदवली. बँकेनं सहा आठवड्यांनी निम्मे पैसे दिले. उरलेले दिले नाहीत, कारण इशारा दाखवूनही मी पुढं गेलो आणि कारण चुकीचं निवडलं. अशा फसवणुकीत भरपाई देणं ब्रिटनमधल्या बँकांना सक्तीचं झालं ते ७ ऑक्टोबर २०२४ पासून. माझं प्रकरण त्याच्या आधीचं.

ऑगस्टमध्ये त्याच खात्यावरून मेसेज आला. खऱ्या मालकाचा. मे महिन्यात त्यांचं खातं हॅक झालं होतं, ते आता परत मिळालं होतं आणि माझ्यासारखे अजून तिघं निघाले होते. मेसेज शुद्ध मराठीत होता. मी वर सरकवत सगळं संभाषण पुन्हा वाचलं. माझ्या मराठी मेसेजांच्या ढिगाऱ्यात समोरून आलेला मराठी शब्द एकही नव्हता. आणि ते सातारचे नव्हेत, नागपूरचे निघाले.