लैंगिक छळ प्रतिबंध प्रशिक्षण : पहिला अर्धा तास आणि उरलेला दीड

भोसरीतील आमच्या कारखान्यात अशा छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीची सदस्य या नात्याने मी गेल्या महिन्यात एका खासगी संस्थेकडून कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविषयीचे दोन तासांचे प्रशिक्षण करवून घेतले. शुल्क पंधरा हजार रुपये होते, प्रशिक्षक वेळेवर आले आणि पहिला अर्धा तास खरोखर उत्तम झाला.

कलमे वाचून दाखवण्याऐवजी त्यांनी देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचारापासून सुरुवात केली. अंगावर जखमा नाहीत म्हणून तिची संमती गृहीत धरून सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन्ही पोलिसांना सोडले, त्यावर चार विधी प्राध्यापकांनी खुले पत्र लिहिले, देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलावा लागला, हे ऐकताना एरवी मागच्या रांगेत मोबाइल चाळणारे आमचे फिटरही मान वर करून बसले होते. तिथून बालविवाह रोखायला गेल्यामुळे सामूहिक बलात्कार झालेल्या राजस्थानातील भंवरीदेवी आणि त्यातून पुढे आलेला, कामाच्या ठिकाणचा छळ रोखण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने दिलेला १९९७ चा विशाखा निकाल इथवर ओघ छान टिकला.

स्त्रिया छळाचे अनुभव उघडपणे सांगू लागल्या त्या २०१८ च्या ‘मी टू’पाशी मात्र सूर बदलला. एका केंद्रीय राज्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला एवढे सांगून पुढची चाळीस मिनिटे ‘खोट्या तक्रारीं’वर गेली. त्या मंत्र्यांनी दाखल केलेल्या बदनामीच्या खटल्यातून त्यांच्यावर आरोप करणारी पत्रकार स्त्री २०२१ मध्ये निर्दोष सुटली, हे राहूनच गेले. आणि तक्रार सिद्ध करता आली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरवून कारवाई करता येत नाही, हे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयीच्या २०१३ च्या कायद्यातच लिहिलेले असताना मलाच उठून सांगावे लागले. चहाच्या वेळी एक सुपरवायझर मला म्हणाले, “ताई, यापुढे पॅकिंगला बायका घ्यायच्याच नकोत, नसती कटकट.” गाजलेल्या प्रकरणांतून पुरुष धाक तेवढा उचलतात आणि त्याची किंमत बायकांच्या नोकऱ्यांनी मोजली जाते, हे ज्यांनी खोडून काढायचे त्यांनीच त्याला खतपाणी घातले, ही माझी मुख्य तक्रार आहे.

सोबत मिळालेला फलक इंग्रजीत होता. मागितल्यावर आठ दिवसांत मराठी फलक आला, हे संस्थेच्या बाजूने नोंदवते. पाचपैकी अडीच गुण. पुढच्या वेळी सत्राचा आराखडा आधी मागवून, चाळीस मिनिटे कुठे जाणार हे पाहूनच मी धनादेशावर सही घेईन.