२०११ची ऑल्टो एलएक्सआय, दीड लाख किमीच्या पुढे: ठाण्यात कमी खर्चात चालवायची तर

नव्या गाड्यांचे रिव्ह्यू ढिगाने मिळतात, पण पंधरा वर्षांची गाडी रोज कळवा ते महापे चालवून काय अनुभव येतो ते कोणी लिहीत नाही, म्हणून लिहितेय. गाडी बाबांनी २०११ मध्ये नवी घेतली, एमएच ०४ पासिंग, ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं जुनं एफ८डी इंजिन, पेट्रोल, सीएनजी नाही. आता मीटर १ लाख ६० हजारांच्या पुढे गेलंय. गेली काही वर्षं ती माझ्याकडे आहे आणि ऑफिस, भाजी, आईचं हॉस्पिटल सगळं हिच्यावरच चालतं.

आधी मार्क सांगून टाकते, पाचपैकी चार. एक मार्क का कापला ते पुढे येईल.

ह्या गाडीचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे हिचे पार्ट. वर्षानुवर्षं देशात सगळ्यात जास्त खपलेली गाडी असल्यामुळे ऑइल फिल्टरपासून लोअर आर्मपर्यंत (पुढच्या चाकाला खालून धरणारा दांडा) सगळं काही कळव्याच्या साध्या स्पेअर पार्टच्या दुकानातसुद्धा शेल्फवर असतं, ऑर्डर देऊन चार दिवस थांबा वगैरे प्रकार नाही. आणि कोणत्याही मेकॅनिकला ती डोळे मिटून उघडता येते. माझ्या मते स्वस्तात गाडी ठेवायची असेल तर मायलेजपेक्षा हीच गोष्ट आधी बघावी. कारण जुन्या गाडीत पेट्रोलने कोणी खचत नाही, गाडी महिनाभर गॅरेजमध्ये उभी राहिली आणि रोज रिक्षाने जावं लागलं की खचतो.

पण हा फायदा तेव्हाच मिळतो जेव्हा तुम्ही पार्ट बंद पडायच्या आधी बदलता. माझे मेकॅनिक, खारेगावचे, मी त्यांना मामा म्हणते, त्यांचं एकच म्हणणं, "ताई, आवाज आल्यावर आणाल तर पाच हजार, तारखेला आणाल तर पंधराशे." आणि हिशोब खरंच तसाच निघतो. ऑइल आणि फिल्टर मी दहा हजार किमी किंवा एक वर्ष, जे आधी येईल तेव्हा बदलते, साधारण तीन लिटर ऑइल लागतं, मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच टाकायचं, गॅरेजमध्ये ड्रममधलं सुटं मिळतं ते नको, सीलबंद डबा स्वतः घेऊन जायचा आणि समोर उभं राहून ओतून घ्यायचा. ह्या वयाचं इंजिन थोडं ऑइल पितंच, त्यामुळे दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये डिपस्टिक काढून बघायची सवय लावा. सकाळी इंजिन थंड असताना, गाडी सपाट जागेवर असताना. दोन मिनिटांचं काम आहे आणि त्याने इंजिन वाचतं.

आता टायमिंग बेल्ट. नवीन के सिरीजच्या इंजिनाला चेन असते, ह्या जुन्या ८०० सीसी इंजिनाला रबरी बेल्ट आहे, आणि सेकंडहँड घेणाऱ्या बहुतेक लोकांना हे माहीतच नसतं. लाख किमीच्या आसपास तो बदलायचाच. तुटला तर गाडी आहे त्या जागी बंद, आणि ती जागा घोडबंदर रोडवर गायमुखच्या घाटात मागे कंटेनर असताना असू शकते. बदलताना टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) पण बदला आणि मागचे ऑइल सील पण, कारण सील गळायला लागलं तर ऑइल बेल्टवर येतं आणि नवा बेल्टसुद्धा लवकर खराब होतो, मजुरी दोनदा जाते ती वेगळी. गाडी सेकंडहँड घेतली आणि बेल्ट कधी बदलला त्याचं बिल मालकाकडे नसेल तर बदललेला नाही असंच धरून चाला.

कूलिंगबद्दल जरा जास्त लिहिते कारण ठाण्यातल्या ट्रॅफिकमध्ये जुन्या गाड्या ह्याच्यामुळेच जातात. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली किंवा कळवा पुलावर अर्धा तास पहिल्या गिअरमध्ये सरकताना रेडिएटरला हवाच मिळत नाही, सगळा भार त्या इलेक्ट्रिक फॅनवर असतो. फॅनची मोटर किंवा त्याचा स्विच दमला असेल तर हायवेला काही कळत नाही, ट्रॅफिकमध्ये मात्र टेम्परेचरचा काटा वर जातो. काटा वर गेला की तिथेच बाजूला घेऊन बंद करायची, घरापर्यंत नेऊ या म्हणायचं नाही, हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, अॅल्युमिनियमचं असतं, वाकलं की हेड गॅस्केट, हेड फेसिंग, सगळा खर्च गाडीच्या किमतीच्या तोंडाला येतो. आणि एक गोष्ट मुद्दाम सांगते, बरेच मेकॅनिक गाडी गरम होते म्हटलं की थर्मोस्टॅट काढून टाकतात. "काही गरज नाही, आपल्याकडे थंडी कुठे असते." असं करू देऊ नका. थर्मोस्टॅट काढला की इंजिन कधी नीट गरमच होत नाही, पेट्रोल जास्त जळतं आणि मूळ दुखणं, म्हणजे चोक झालेलं रेडिएटर नाहीतर मेलेला फॅन, तसंच राहतं. नवा थर्मोस्टॅट काही शे रुपयांत येतो. कूलंटच्या जागी नळाचं पाणी पण नको, आतून गंज धरतो.

होजपाइप दाबून बघा, कडक किंवा फुगलेला वाटला तर बदला. पेट्रोलच्या रबरी नळ्या पण बघून घ्या, आता पंपावर ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि २०११च्या गाडीतलं रबर तेवढ्या इथेनॉलसाठी बनवलेलं नाही. मी त्या नळ्या आणि फ्युएल फिल्टर एकदा बदलून घेतले, फार खर्च नाही आला. पेट्रोलचा वास आला तर मात्र त्याच दिवशी गॅरेज.

क्लच केबलवर आहे, हायड्रॉलिक नाही, त्यामुळे क्लच अगदी वर उचलायला लागला की आधी केबल अॅडजस्ट करून बघा, काही वेळा तेवढ्याने काम होतं. प्लेटच गेली असेल तर प्रेशर प्लेट आणि बेअरिंग सगळा सेट एकदमच टाका, मजुरीसकट साडेचार-पाच हजारांत होतं. आपल्याकडे लोक सिग्नलला अर्ध्या क्लचवर उभे राहतात, तीन हात नाक्याला तर चढण असली की हमखास. हँडब्रेक लावा, क्लच वाचतो.

सस्पेन्शनबद्दल तर ठाण्याच्या लोकांना काय सांगायचं. पावसाळ्यानंतर घोडबंदर आणि मुंब्रा बायपासची जी अवस्था होते त्यात बुश (जोडांमधली रबरं) आणि बॉल जॉइंट जाणारच, हा गाडीचा दोष नाही. इथेच सगळ्यात जास्त पैसे फुकट जाताना बघितलेत. पुढून खडखड आवाज यायचा म्हणून एका मोठ्या वर्कशॉपमध्ये दाखवली तर त्यांनी दोन्ही शॉकअप, स्टिअरिंग रॅक, सगळं मिळून जुन्या टू-व्हीलरएवढ्या किमतीचं एस्टिमेट हातात ठेवलं, गाडीखाली जाऊन कोणी बघितलं पण नव्हतं. मामांनी जॅकवर चढवली, लांब पाना घालून एकेक जोड हलवून दाखवला, लोअर आर्मचे बुश गेले होते, बस. म्हणून माझं सांगणं आहे की निदान करायचे वेगळे पैसे मेकॅनिकला आनंदाने द्या. जो माणूस हलणारा पार्ट तुमच्या डोळ्यासमोर हलवून दाखवतो त्याला धरून ठेवा, दहा मिनिटं लांब जावं लागलं तरी चालेल. सस्पेन्शनचं काम झालं की चाकांचं अलाइनमेंट करून घ्यायचं, नाहीतर नवे टायर एका बाजूने खाल्ले जातात.

टायर १४५/८० आर१२, छोटा आहे म्हणून स्वस्त. नक्षी आहे म्हणून चालवत राहू नका, टायरवर चार आकडे असतात, २३२४ म्हणजे २०२४ सालातला २३वा आठवडा, त्यावरून वय कळतं, पाच-सहा वर्षांत रबर कडक होतो आणि पावसात गाडी थांबत नाही. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला, ते हवेतलं पाणी ओढतं. खाडीकाठच्या आपल्या हवेत तर जास्तच.

पार्ट कुठले घ्यायचे ह्याबद्दल माझं मत पक्कं आहे. ब्रेक, बेल्ट, क्लच, बुश, हे कंपनीचे ओरिजिनल नाहीतर चांगल्या ब्रँडचे, पक्क्या बिलासकट. दरवाजाची काच, साइड मिरर, टेललाइट, सीट, आतलं प्लास्टिक, ह्यासाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचा जुना माल चालतो, तिथे भाव करायला वेळ हातात ठेवून जा. जुने ब्रेक पॅड किंवा जुना टायर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. डेंटिंग-पेंटिंगवर मी काही खर्च करत नाही. पण गंज वेगळा, गंजाला मी ताबडतोब पैसे देते, कारण पत्रा एकदा सडला की गाडी संपली. पावसाळ्याआधी दरवाजाच्या खालची पाणी जायची भोकं मोकळी करा, वायपरखालच्या जाळीतली पानं काढा, आणि पाऊस संपला की कार्पेट उचलून खाली ओल आहे का बघा. आणि उंदीर! सोसायटीच्या पार्किंगमध्ये वायरी कुरतडतात, आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना हा त्रास आहे, रात्री बोनेट उघडं ठेवायचं आणि खाली बारीक जाळी बसवायची, ह्यानेच काय तो फरक पडतो.

विटाव्याला पाणी भरलं असेल तर जाऊ नका, ही छोटी गाडी आहे. पाण्यात बंद पडली तर परत स्टार्टर मारू नका, सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून बाहेर काढा.

सीएनजी लावू का असं मला खूप जण विचारतात. माझं महिन्याला सातशे किमी होतं, ट्रॅफिकमध्ये एसी लावून सोळाच्या आसपास अॅव्हरेज पडतं, म्हणजे साडेचार हजारांचं पेट्रोल. सीएनजीने त्यातले दोनएक हजार वाचतील, पण किटचे पैसे निघायलाच दोन वर्षं लागणार, शिवाय डिकी जाणार आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी टेस्ट आली. माझ्या रनिंगला परवडत नाही. तुमचं दोन हजार किमी असेल तर वेगळी गोष्ट आहे. तसंही टोलचा मोठा दिलासा मिळालाय, ऑक्टोबर २०२४ पासून ऐरोली, वाशी, मुलुंडचे टोल छोट्या गाड्यांना माफ झाले, रोज जाणाऱ्याला तो सीएनजीच्या बचतीएवढाच पडतो.

आता तो कापलेला एक मार्क. सेफ्टी. एअरबॅग नाही, एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी सिस्टिम) नाही, गाडी साडेसातशे किलोच्या आतली. हिच्यानंतर आलेल्या ऑल्टो ८००ला, एअरबॅग नसलेल्या मॉडेलला, २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप ह्या संस्थेच्या क्रॅश टेस्टमध्ये शून्य स्टार मिळाले होते. म्हणून ही गाडी मी ठाणे-बेलापूर रोड आणि शहरात चालवते, एक्स्प्रेसवेला नेत नाही, गणपतीला गावी जाताना रेल्वेच. मागे बसणाऱ्यांनी पण बेल्ट लावायचा, आई कुरकुर करते तरी.

कागदांचा खर्च लोक धरतच नाहीत. हजार सीसीपर्यंतच्या गाडीचा थर्ड पार्टी इन्शुरन्स २,०९४ रुपये अधिक जीएसटी, बीएस ४ गाडीची पीयूसी वर्षभर चालते. एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागते, चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी. आणि पंधरा वर्षं झाली की आरसी पाच वर्षांसाठी रिन्यू करायची, फी पाच हजार, ग्रीन टॅक्स वेगळा. मुदत संपायच्या आधी साठ दिवसांत अर्ज करता येतो, उशीर झाला तर महिन्याला पाचशे रुपये दंड लागत जातो. यंदा माझ्या गाडीची ती वेळ आहे आणि मी रिन्यू करणार आहे. दिल्लीत पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या चालवायला बंदी घातली होती ते ऐकून बरेच जण इथे घाबरून गाडी कवडीमोलाने विकतात, महाराष्ट्रात तसं नाहीये, गाडी फिट असेल तर आरसी रिन्यू होते.

सगळं मिळून मी महिन्याला दीड हजार रुपये गाडीच्या नावाने वेगळे काढते, पेट्रोल सोडून. काही महिने त्यातला रुपया लागत नाही, मग एकदम टायर येतात, नाहीतर बॅटरी. त्या पैशाला दुसऱ्या कशासाठी हात लावत नाही.

कोणाला अशी गाडी सेकंडहँड घ्यायची असेल तर सकाळी जा आणि मालकाला आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत चालू करू नका. बोनेटला हात लावून थंड आहे ना बघा. ऑइल कॅप उघडून आत पांढरट साय जमलीये का, कूलंटच्या टाकीत ऑइलचा तवंग आहे का ते बघा, चेसिस नंबर आरसीशी जुळवा, डिकीतलं स्पेअर व्हील काढून खालचा पत्रा बोटाने दाबा. मग पहिल्या सेल्फला चालू होते का आणि सायलेन्सरमधून निळा धूर येतो का बघा. गाडी आधीच गरम करून ठेवली असेल तर भाव बोलू नका, दुसऱ्या दिवशी परत जा.