नवा क्राऊन-पिनियन दाखवला, जुनाच पुन्हा बसवला: साताऱ्यात ६२ हजारांना फसवणूक

जुनी ॲम्बॅसॅडर जिवापाड सांभाळणाऱ्या सातारा-सांगली भागातल्या मंडळींसाठी हे लिहितोय.

माझी गाडी १९८३ ची मार्क ४, १४८९ सीसी पेट्रोल, चार गिअरची. मागच्या एक्सलमध्ये क्राऊनला (चाकं फिरवणारा मोठा गिअर) ४१ दात, पिनियनला (त्याला फिरवणारा छोटा गिअर) ९, म्हणजे रेशो ४.५५: चाकांच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागे येणाऱ्या दांड्याचे, साडेचारहून थोडे जास्त फेरे. घाटात गाडी छान ओढते, पण पुणे-बंगळूर हायवेला ऐंशीच्या पुढे गेलं की इंजिन कोकलायला लागतं. साताऱ्यातला एक गॅरेजवाला म्हणाला, "साहेब, ११/४३ चा सेट टाकू, एमजीबीचा. इंग्लंडहून मागवतो." ही थाप वाटण्यासारखी नव्हती. एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार, ॲम्बॅसॅडरसारखीच बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) या कंपनीच्या घराण्यातली, आणि तिचा रेशो (पिनियन ११, क्राऊन ४३) खरोखरच ३.९ आहे. म्हणजे त्याच वेगाला इंजिनचे फेरे साधारण सातव्या हिश्श्याने कमी. सेट, बेअरिंग, डिफरन्शियलमधल्या (मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) स्पायडर गिअरमागचे तांब्याचे वॉशर आणि मजुरी धरून ६२ हजार ठरले.

सेट त्याने मला दाखवला. खोक्यात, तेलकट कागदात गुंडाळलेला, कोरा करकरीत. क्राऊनवर आणि पिनियनवर एकच जोडीनंबर कोरलेला. फिटिंगच्या दिवशी मात्र "पिनियनचं सेटिंग नाजूक असतं, कुणी उभं राहिलं की हात चालत नाही" म्हणून त्याने मला घरी पाठवलं. काम नाजूक असतं यात खोटं काही नाही. दातांना रंग लावून ठसा कुठे उमटतो ते बघावं लागतं, शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) कमी-जास्त करून पिनियन पुढे-मागे घ्यावा लागतो. पण ज्याला हे काम येतं तो कारागीर मालकाला हाकलत नाही, उलट बोलावून ठसा दाखवतो.

गाडी परत मिळाली ती एक्सलच्या हाउसिंगला (बाहेरच्या कवचाला) ताजा काळा रंग मारून. क्लच सोडताना मागून येणारा 'खट्' आवाज मात्र होता तसाच. तो बहुतेक वेळा त्या तांब्याच्या वॉशरांच्या झिजेमुळे येतो आणि त्यांचे तर पैसे घेतले होते. विचारलं तर म्हणाला, "नवीन गिअर आहेत, जरा बसू द्या."

त्याचं बिंग फोडलं स्पीडोमीटरने. याची केबल गिअरबॉक्समधून येते, चाकावरून नाही. मागचा रेशो खरंच ३.९ झाला असता तर तेवढ्याच अंतराला प्रोपेलर शाफ्ट कमी फिरला असता आणि मीटरही कमी पडला असता. कराडच्या दिशेने हायवेचे दगड मोजत गेलो. दगडांच्या ५० किलोमीटरला मीटरवर ४३ च्या आसपास पडायला हवे होते. पडले पूर्वीसारखेच पन्नास.

हायवेला न जाता गॅरेजच्या दारातही हे तपासता येतं. पुढच्या चाकांना दगड लावा, गाडी न्यूट्रलला ठेवा, हँडब्रेक सोडा. मागचं एकच चाक जॅकवर उचला, दुसरं जमिनीवर टेकलेलं राहू द्या. प्रोपेलर शाफ्टवर खडूने खूण करा आणि उचललेलं चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवा. शाफ्टचे जेवढे फेरे होतील तोच तुमचा रेशो. माझ्या गाडीत साडेचार फेरे होऊन वर थोडा आणखी फिरला. ३.९ असता तर चार फेरेही पुरे झाले नसते.

मग कराडच्या दुसऱ्या मेकॅनिककडून माझ्यासमोर एक्सल उघडून घेतला. पिनियन ९, क्राऊन ४१. ऑइल काळंकुट्ट, तेसुद्धा बदललेलं नाही. वॉशर झिजून कागदासारखे झालेले. बेअरिंगही जुनीच. मला दाखवलेला सेट कुठे गेला, हे गॅरेजवाला आजवर सांगत नाही. ज्या गाडीवर घरातली दोन माणसं ड्रायव्हिंग शिकली तिच्या बाबतीत असं व्हावं, याचा संताप अजून गेलेला नाही.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. अडचण बिलाची आहे, त्यावर नुसतं 'डिफरन्शियल काम' लिहिलंय. ११/४३ हा आकडा फक्त त्याच्या व्हॉट्सॲप मेसेजमध्ये आहे, तो जोडलाय. तुम्ही बिलावरच दातांची संख्या आणि जोडीनंबर लिहून घ्या, काढलेले जुने गिअर ताब्यात घ्या आणि खडूची खूण करून फेरे मोजल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नका.