व्हॉट्सॲप ग्रुप: आवक कळवायला उत्तम, भाव ठरवायला कुचकामी

औसा, निलंगा, रेणापूरला खरेदी केंद्रं, हिशेब लातुरात आणि संचालक आपापल्या गावी. शेतकरी उत्पादक कंपन्यांची सोयाबीन खरेदी अशीच विखुरलेली असते आणि तिचा सगळा भार एका व्हॉट्सॲप ग्रुपवर असतो. फुकट आहे, प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे, रेंज गेली तरी परत आल्यावर मेसेज पोहोचतो. आवक कळवायला याहून सोपं साधन नाही.

मात्र आकडे लिहूनच पाठवावेत. क्रम ठरलेला हवा: केंद्र, कट्टे (पोती), क्विंटल, ओलावा, मातेरं (माती-काडीकचरा). व्हॉइस नोट टाळा. काट्यावरच्या गोंगाटात ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ सारखेच ऐकू येतात. पावतीचा फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर अक्षरं फुटत नाहीत. मेसेज १५ मिनिटांपर्यंत बदलता येतो, पण आकड्यासाठी ही सोय घातकच. बदल केल्याची खूण दिसते, आधीचा आकडा दिसत नाही. तोवर कुणी तो वहीत उतरवला असेल तर हिशेब जुळत नाही. चूक झाली तर जुन्या मेसेजलाच रिप्लाय देऊन नवा आकडा टाकावा.

भावाचा विषय निघाला की हाच ग्रुप अडकतो. ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला तर घट, म्हणजे कपात, किती धरायची, हा प्रश्न चाळीस मेसेजनंतरही सुटत नाही. एक जण सकाळचं वाचून दुपारी उत्तर देतो, तोवर बोलणं पुढे गेलेलं असतं. निळी टिक म्हणजे वाचलं एवढंच, पण ती होकार समजली जाते. आणि केंद्रावरचा माणूस समोर शेतकरी उभा असताना वाट पाहत राहतो.

अशा वेळी सरळ कॉल लावा. व्हॉट्सॲप कॉलवर ३२ जण येतात. गूगल मीटवर फुकटात १०० जण, पण तिघे किंवा अधिक असले की ६० मिनिटांची मर्यादा. गावाकडे कॅमेरा बंद ठेवला तर आवाज टिकतो. ठरलेला भाव, घट आणि कधीपासून लागू, हे कॉल संपताच एका मेसेजात लिहून ७ दिवसांसाठी पिन करावं.

सेटिंग बदलण्याचा हक्क फक्त ॲडमिनकडे ठेवा. नाहीतर कुणीही ‘डिसअपिअरिंग मेसेज’ चालू करतो आणि पुढचे आकडे मुदतीनंतर पुसले जातात. बेरीज तर ग्रुप करतच नाही. रोज संध्याकाळी आकडे गूगल शीटमध्ये चढवावेच लागतात.